सगळं सी ड्राइव्हवरच का जातं?

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या डीटीपीच्या दुकानात लग्नसराई आली की पहिली धाप लागते ती सी ड्राइव्हला. पत्रिका मराठीत, सोयरे बैलहोंगलचे असले तर कन्नडातही. दोन्ही लिप्यांचे फॉन्ट, डिझाइनचे प्रोग्राम सगळे तिथेच, आणि वर जागा संपल्याची लाल पट्टी. शेजारचा डी मात्र निम्मा रिकामा.

सगळं सीवर टाकायची ही सवय फ्लॉपीच्या काळातली. १९८१च्या आयबीएम पीसीला ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी होती. १९८३ साली एक्सटी मॉडेल १० एमबीची हार्डडिस्क घेऊन आलं, तिच्या वाट्याला सी आलं. फ्लॉप्या गेल्या, अक्षर राहिलं. विंडोजच्या आधीच्या डॉसमध्ये प्रोग्राम कुठेही टाकायची मुभा होती, त्यामुळे ज्याचं त्याचं फोल्डर सी ड्राइव्हच्या तोंडाशीच. 'प्रोग्राम फाइल्स' हे ठरलेलं घर विंडोज ९५ने १९९५ मध्ये दिलं. त्याचा पत्ता रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, 'प्रोग्रामफाइल्सडिर' या नावाने नोंदलेला असतो; प्रोग्राम बसवणारा सेटअप तो वाचतो आणि आपण नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश करत सुटतो. ६४ बिटचं विंडोज आल्यावर जुन्या ३२ बिट प्रोग्रामांसाठी 'एक्स८६' शेपटीचं दुसरं घर झालं.

ती नोंद बदलून डी लिहिली की झालं, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मीही केलंय. काही सेटअप गुमान डीवर गेले, काहींनी मानलंच नाही, आणि पुढे अपडेट अडखळू लागले. अशा बदलाला आपला पाठिंबा नाही, हे मायक्रोसॉफ्टने लिहूनच ठेवलंय.

मुळात आपल्याकडे डीचा आग्रह आला तो फॉरमॅटच्या, म्हणजे सी पुसून विंडोज नव्याने टाकण्याच्या, धास्तीने. मशीन जोडणारा सी लहान ठेवायचा आणि बजावायचा, "सगळं डीला ठेवा ओ, फॉरमॅट मारलं तरी जात नाही." फाइलींबाबत ते खरंच होतं. प्रोग्रामांबाबत नाही: प्रोग्राम डीवर असला तरी त्याच्या रजिस्ट्रीतल्या नोंदी सीवरच्या विंडोजमध्ये असतात. फॉरमॅटनंतर फोल्डर जागेवर दिसतं, पण बहुतेक प्रोग्राम पुन्हा इन्स्टॉल केल्याशिवाय चालत नाहीत. हे मला एका गणेश मंडळाचा अहवाल छापायला दोन दिवस उरले असताना कळलं.

२०१५च्या विंडोज १०ने सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये नवे ॲप कुठे साठवायचे ते निवडायची सोय दिली. नाव मोठं, पण ती फक्त विंडोजच्या स्टोअरमधल्या ॲपना लागू. सीडी किंवा पेनड्राइव्हवरच्या सेटअपला तिचं सोयरसुतक नाही. तिथे 'कस्टम' निवडून पत्त्यातला सी खोडून डी लिहावा लागतो, तोही प्रत्येक वेळी. एवढं करूनही तात्पुरत्या फाइली, सेटिंग आणि फॉन्ट सीवरच उतरतात.

म्हणून मी आता जुन्या पत्रिकांचं फोल्डर आधी डीवर हलवतो, प्रोग्रामांना हात लावत नाही.