शिक्षक आमदार वेगळा, आमदार झालेला शिक्षक वेगळा

आमच्या गावात एक सुभेदार सर आहेत. आधी लष्कर, मग हायस्कुलात गणित. ते विधानसभेला उभे राहणार अशी कुजबुज सुरू झाली आणि भाजी-पावाच्या टेबलावर मला ते वाक्य पुन्हा एकदा ऐकावं लागलं : "सरांनी शिक्षक मतदारसंघातून फॉर्म भरावा. तिथं मास्तरांचीच मतं!"

अहो, गोव्यात शिक्षक मतदारसंघ नाही. आपल्याकडे एकच सभागृह, पर्वरीला, 40 जागांचं. सरांना मांद्रे, डिचोली अशा कुठल्यातरी मतदारसंघातून सगळ्यांसारखंच उभं राहावं लागेल आणि मासे विकणारीपासून भाटकारापर्यंत सगळ्यांची मतं मागावी लागतील. शिक्षक मतदारसंघ असतो विधान परिषदेला, आणि ती महाराष्ट्रात आहे : 78 जागा, त्यांतल्या 7 शिक्षकांच्या. बांद्या-सावंतवाडीचे आपले पाहुणे कोकण विभागात ते मत देतात, मराठी वाहिन्या दिवसभर तेच दाखवतात, आणि आपण समजतो की हे आपल्याकडेही असणार.

विधानसभेला आणि परिषदेला वय 25 की 30, मुदत पाच वर्षं की सहा, हे फरक कुठल्याही स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात मिळतील. खरी गल्लत पुढे आहे, आणि ती महाराष्ट्रातले लोकही बिनदिक्कत करतात.

शिक्षक मतदारसंघातला 'शिक्षक' हा शब्द मतदाराला लागतो, उमेदवाराला नाही. गेल्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत शिकवलेलं असेल तर तिथं मत मिळतं. प्राथमिकच्या बाईंनी तीस वर्षं बाराखडी गिरवून घेतली तरी त्या यादीत त्यांना जागा नाही. उमेदवार मात्र आयुष्यात खडू न धरलेला असला तरी चालतो. तो तिशी पार केलेला आणि त्या राज्याच्या विधानसभेच्या कुठल्याही मतदारयादीतला असला की झालं. पदवीधर मतदारसंघाचंही तसंच : उमेदवार स्वतः पदवीधर असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्येच सांगून टाकलं. म्हणून 'शिक्षक आमदार' म्हणजे शिक्षकांनी निवडलेला आमदार. लक्ष्मीकांत पार्सेकर हरमलच्या हायस्कुलात मुख्याध्यापक होते, मांद्रेतून निवडून आले, 2014 मध्ये मुख्यमंत्री झाले. ते आमदार झालेले शिक्षक. त्यांना 'शिक्षक आमदार' म्हणणं म्हणजे आमदार झालेल्या डॉक्टरला 'डॉक्टरांचा आमदार' म्हणण्यासारखं आहे. वर्तमानपत्रवाल्यांनी तरी हा शब्द जपून वापरावा.

"मग गोव्यातही परिषद आणा की," असं कोणीतरी म्हणतंच. सुभेदार सरांनी त्याचं उत्तर पेपराच्या कडेला पेन्सिलीने मांडलं. घटनेच्या 171व्या कलमाप्रमाणे परिषद विधानसभेच्या एक तृतीयांशाहून मोठी असू शकत नाही आणि 40 पेक्षा लहानही असू शकत नाही. आपली विधानसभाच 40 ची. भागिले तीन, तेरा. तेरा आणि चाळीस. "गणित सुटत नाही," म्हणाले, आणि पेन्सिल खिशाला लावली. पाहिजे तर घटना बदला.

माजी सैनिकाचं त्यामानाने सोपं. त्यांच्यासाठी राखीव जागा नाही आणि सैनिकी मतदारयादी सेवेत असलेल्यांची. निवृत्त झालेला जवान मतदार म्हणून तुमच्या-माझ्यासारखाच. सेवेत असताना निवडणूक लढवता येत नाही, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. विसरतात ते नाव. विधानसभेच्या उमेदवाराचं नाव त्याच राज्याच्या यादीत हवं, मग मतदारसंघ कुठलाही असो. पेडण्याचा मतदार काणकोणला उभा राहू शकतो, पुण्याचा मतदार गोव्यात कुठेच नाही.

सुभेदार सर निवृत्तीनंतर काही वर्षं मुलीकडे पुण्याला होते. नाव अजून तिथंच. मी त्यांना पत्ता बदलण्याचा 8 नंबरचा फॉर्म दिला, कारण कोणीतरी त्यांच्या हातात नव्या मतदाराचा 6 नंबर कोंबला होता. उमेदवारीचं ते अजून बोलत नाहीत. फॉर्म मात्र त्याच संध्याकाळी भरला.