हजार कोटींच्या आकड्यात नेमकं काय मोजलेलं असतं

पुण्यातल्या एखाद्या मल्टिप्लेक्सचं शुक्रवार रात्रीचं ३५४ रुपयांचं तिकीट घ्या. त्यातले ५४ रुपये जीएसटीचे, कारण १०० रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के कर आहे. उरले ३००. धंद्याच्या भाषेत ३५४ हा ‘ग्रॉस’ आणि ३०० हा ‘नेट’. या ३०० मधले पहिल्या आठवड्यात निम्मे थिएटर ठेवतं आणि निम्मे वितरकाला जातात. वितरकाच्या या १५० रुपयांना ‘शेअर’ म्हणतात. त्यातून त्याचं कमिशन, जाहिरातीचा खर्च आणि डिजिटल प्रक्षेपणाचं शुल्क गेलं की मग निर्मात्याचा नंबर. ऑनलाइन बुकिंगवर जी सुविधा-फी पडते, ती यात कुठेच नसते. पोस्टरवर झळकतात ते मात्र ३५४.

तेव्हा ‘जगभरात हजार कोटी’ असं वाचलं की ते कोणाच्या तिजोरीत गेलेले पैसे नसून प्रेक्षकांच्या खिशातून निघालेले पैसे आहेत, हे आधी लक्षात घ्यावं. आणि ते पैसेही प्रत्येक देशात वेगळ्या मापाने मोजलेले असतात.

आधी घरचा हिशेब पुरा करू. २००९ साली निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात वाट्यावरून भांडण झालं, एप्रिल-मेमध्ये मोठे हिंदी चित्रपट मल्टिप्लेक्सला मिळालेच नाहीत आणि शेवटी एक उतरता दर ठरला: वितरकाला पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि चौथ्यापासून ३०. चित्रपटागणिक यात थोडंफार इकडेतिकडे होतं, पण उतरण तीच. आता दोन चित्रपट घ्या, दोघांचा मल्टिप्लेक्समधला नेट १०० कोटी. पहिल्याने आठवड्यागणिक ६०, २५, १० आणि ५ कोटी केले, तर वितरकाला सुमारे ४५.९ कोटी मिळतात. दुसरा दर आठवड्याला २५ कोटींनी संथ चालला, तर बरोबर ४० कोटी. गल्ला तेवढाच, तरी जवळजवळ ६ कोटींचा फरक. पहिल्या तीन दिवसांसाठी एवढा आटापिटा का चालतो, याचं अर्धं उत्तर या उतरत्या दरात आहे.

याच हिशेबातली एक गंमत. वितरणाच्या व्यवहारात देशाचे जे भाग पाडतात, ते आजच्या राज्यांचे नाहीत. ‘मुंबई सर्किट’ जुन्या मुंबई इलाख्याच्या वळणावर आखलेलं आहे, त्यात गुजरात येतो, गोवा येतो, उत्तर कर्नाटकाचा काही भाग येतो. विदर्भ मात्र ‘सीपी-बेरार’मध्ये (म्हणजे जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड) आणि मराठवाडा ‘निजाम’मध्ये. संयुक्त महाराष्ट्र होऊन साठ वर्षं उलटली, पण मराठी चित्रपटाचा महाराष्ट्रातला गल्ला काढायचा तर अजून तीन सर्किटांची बेरीज करावी लागते. मुंबई सर्किटचा आकडा महाराष्ट्राचा म्हणून छापणारे नागपूर आणि संभाजीनगर दोन्ही गाळतात आणि अहमदाबाद धरतात.

सीमेपलीकडे गेलं की वाट्याचं प्रमाणच बदलतं. अमेरिकेत सरासरी निम्म्याच्या आसपास रक्कम स्टुडिओकडे येते. बाकीच्या बहुतेक देशांत ढोबळ मानाने ४० टक्के धरतात. चीनमध्ये २०१२ च्या करारानुसार वर्षाला ३४ परदेशी चित्रपट महसूल-वाटणीच्या तत्त्वावर घेतले जातात आणि त्यात परदेशी स्टुडिओचा वाटा २५ टक्के. शांघायमधल्या ४० युआनच्या तिकिटातून ५ टक्के सरकारी चित्रपट निधीला जातात, ३.३ टक्के करापोटी जातात, आणि ज्याने चित्रपट बनवला त्याला कागदावर १० युआन. या ३४ मध्ये जागा न मिळालेले चित्रपट बहुधा एका ठरावीक रकमेला विकून टाकले जातात. अशा सौद्यात तिथे चित्रपट कितीही धो-धो चालला तरी मूळ निर्मात्याला वर फारसं काही मिळत नाही.

याचा परिणाम साध्या गणितात दिसतो. दोन चित्रपटांचा जागतिक गल्ला ५० कोटी डॉलर. एकाने २५ अमेरिकेत आणि २५ इतरत्र कमावले, त्याच्या स्टुडिओकडे साधारण साडेबावीस कोटी आले. दुसऱ्याने १० अमेरिकेत, २५ चीनमध्ये आणि १५ इतरत्र कमावले, तर सव्वासतरा. २०१६ च्या ‘वॉरक्राफ्ट’चं असंच झालं. चीनमध्ये २० कोटी डॉलरच्या वर, अमेरिका-कॅनडात ५ कोटीही नाहीत, एकूण ४३ कोटींच्या पुढे, आणि तरीही धंद्याने त्याला तोट्याचा धरलं. निर्मितीखर्चाच्या अडीचपट गल्ला झाल्याशिवाय चित्रपटाचा खर्च सुटला म्हणू नये, असा जो ठोकताळा आहे तो याच गळतीतून आलेला आहे. पण गल्ला कुठून आला हे न बघता तो लावला तर फसवतो.

‘जागतिक’ हा शब्दही जपून घ्यावा. हॉलिवूडच्या ‘देशांतर्गत’ आकड्यात कॅनडा धरलेला असतो. उलट २०२५ चा चिनी ॲनिमेशनपट ‘न जा २’ जगभरात २०० कोटी डॉलरच्या पुढे गेला, पण त्यातले जवळजवळ सगळे पैसे एकट्या चीनमधले.

बेरीज करताना दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. पहिला, भारताचा नेट आणि परदेशाचा ग्रॉस एकत्र मिळवणं. भारताचा नेट ३०० कोटी आणि परदेशाचा ग्रॉस १०० कोटी असेल तर जागतिक ग्रॉस ४०० नव्हे. नेटमध्ये आधी कर परत मिळवायचा, तो १८ टक्क्यांनी ३५४ होतो, म्हणजे ४५४. चाहत्यांच्या भांडणात निम्मी चकमक याच ५४ कोटींवरून असते.

दुसरा घोळ चलनाचा. २०१३ मध्ये डॉलर ६० रुपयांच्या आसपास होता, २०२३ मध्ये ८२-८३. अमेरिकेत तेच १० लाख डॉलर कमावले तर तेव्हा ६ कोटी लिहिले गेले, दहा वर्षांनी सव्वाआठ. एकही प्रेक्षक वाढला नाही आणि ‘परदेशातला विक्रम’ मोडला. हॉलिवूडला हाच काटा उलटा टोचतो. २०१४ च्या सुरुवातीला डॉलरला ३५ च्या आसपास असलेला रूबल वर्षभरात ६५ च्या आसपास घसरला. रशियात तेवढीच तिकिटं विकली गेली तरी डॉलरमधला गल्ला जवळपास निम्मा. त्यातून काही संकेतस्थळं जुने आकडे आजच्या दराने पुन्हा बदलतात, काही प्रदर्शनाच्या आठवड्याचा दर कायम ठेवतात. एकाच चित्रपटाचे दोन आकडे दिसले तर आधी दर तपासावा.

या सगळ्यातून वाट काढायची तर डोकी मोजावीत. फ्रान्समध्ये चित्रपटाचं यश विकलेल्या तिकिटांच्या संख्येत सांगतात. तिथे प्रत्येक तिकिटावर १०.७२ टक्के कर आहे आणि त्यातून चित्रपटांना अनुदान मिळतं, त्यामुळे प्रत्येक तिकिटाची नोंद होतेच. तिथे ‘टायटॅनिक’ची २ कोटींहून जास्त तिकिटं गेली, आणि या आकड्याला ना महागाई शिवते ना युरोचा दर. दक्षिण कोरियात थिएटरांची तिकीटयंत्रं सरकारी संस्थेच्या मध्यवर्ती प्रणालीला जोडलेली आहेत, काल कुठल्या चित्रपटाला किती माणसं आली हे कोणीही उघडून बघू शकतो. आपल्याकडे डोकी आणि रुपये किती वेगळं बोलतात याचा नमुना २३ सप्टेंबर २०२२ ला दिसला. राष्ट्रीय चित्रपट दिनानिमित्त तिकीट ७५ रुपये होतं आणि मल्टिप्लेक्स संघटनेने त्या दिवशी ६५ लाख प्रेक्षक आल्याचं सांगितलं. सगळ्यांनी ७५ च दिले असं धरलं तर ते जेमतेम ४९ कोटी होतात. तेवढीच माणसं २०० रुपयांनी आली असती तर १३० कोटी.

‘पहिल्या वीकेंडचा गल्ला’ हे मापही देशागणिक लांबी बदलतं. अमेरिकेत तो शुक्रवार ते रविवार, पण गुरुवार संध्याकाळचे शो शुक्रवारातच मिळवतात. फ्रान्स आणि कोरियात नवे चित्रपट बुधवारी लागतात, जर्मनीत गुरुवारी. संयुक्त अरब अमिरातीने १ जानेवारी २०२२ पासून सुट्टी शुक्रवार-शनिवारवरून शनिवार-रविवारकडे नेली, त्यामुळे त्याआधीचे आणि नंतरचे तिथले रविवार एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. शिवाय अमेरिकेतला रविवार सकाळी जाहीर होणारा आकडा अंदाज असतो. तेव्हा रविवारचे बहुतेक शो व्हायचेच असतात. शनिवारच्या गल्ल्यातून, त्या जातीचे चित्रपट रविवारी किती टक्के उतरतात ते वजा करून तो काढतात. खरा आकडा सोमवारी येतो. सोमवारचा आकडा सतत खालीच यायला लागला, तर रविवारी कोणीतरी मुद्दाम ताणला होता असं समजावं.

पहिल्या आठवड्यानंतर गल्ला कसा ओसरतो, यावर चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेतल्या सिताभ्र सिन्हा आणि राजकुमार पान यांनी काम केलं आहे. अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या चित्रपटांच्या आकडेवारीवरचा त्यांचा निबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. दर थिएटरमागची सरासरी कमाई काळाच्या व्यस्त प्रमाणात उतरते, असं त्यांना दिसलं. म्हणजे पहिल्या आठवड्यात थिएटरमागे १ लाख आले तर दुसऱ्यात ५० हजार, तिसऱ्यात ३३ हजार, चौथ्यात २५ हजार. दहा आठवड्यांची बेरीज पहिल्या आठवड्याच्या २.९ पट भरते. पण थिएटरही दर आठवड्याला गळत जातात, म्हणून प्रत्यक्षात तेवढंही हाती लागत नाही. हे सरासरीचं वागणं आहे हे ध्यानात ठेवावं. ‘ॲव्हेंजर्स: एंडगेम’ने अमेरिका-कॅनडात पहिल्या वीकेंडला ३५.७ कोटी डॉलर केले आणि तिथला शेवटचा आकडा ८५.८ कोटी, म्हणजे २.४ पट. ‘टायटॅनिक’ २.८६ कोटींनी सुरू झाला, दुसऱ्या वीकेंडला घटायच्या ऐवजी वाढला आणि पहिल्या खेपेतच ६० कोटींवर गेला, म्हणजे २१ पट.

असा अपवाद घडायला लोकांना चित्रपट आवडणं पुरत नाही, वाढलेल्या गर्दीला शो मिळावे लागतात. ‘दंगल’ चीनमध्ये ५ मे २०१७ ला लागला तेव्हा त्याच्या वाट्याला मोजकेच शो होते. पण आलेल्या प्रेक्षकांनी त्याला तिथल्या डौबान संकेतस्थळावर १० पैकी ९ च्या वर गुण दिले आणि खुर्च्या भरायला लागल्या. चिनी थिएटरं कुठल्या चित्रपटाला किती शो द्यायचे हे आदल्या दिवशीची भरती बघून रोज बदलू शकतात. त्यामुळे दुसऱ्या वीकेंडचा गल्ला पहिल्याच्या कितीतरी पुढे गेला आणि शेवटी १३० कोटी युआनच्या आसपास, तेव्हाच्या दराने बाराशे कोटी रुपयांच्या वर पोचला. जिथे पुढच्या शुक्रवारचे पडदे दुसऱ्याला आधीच कबूल झालेले असतात, तिथे अशा चित्रपटाचा श्वास पहिल्याच गुरुवारी कोंडतो.

ज्या देशात गल्ला रोज इतका उघडा दिसतो, तिथे तो फुगवायचा मोहही होतो. २०१६ मध्ये चीनच्या नियंत्रकांनी ‘इप मॅन ३’च्या बाबतीत ७,६०० हून जास्त खोटे शो पकडले, त्यांची किंमत ३.२ कोटी युआन होती, आणि वितरकाच्या बाजूनेच ५.६ कोटी युआनची तिकिटं विकत घेतली गेल्याचं सांगितलं. पुढच्या वर्षी लागू झालेल्या चित्रपट कायद्यात अशा लबाडीला दंड आला. भारतात सर्वांना खुला असा सक्तीचा मध्यवर्ती हिशेब नाही. इथले बरेच आकडे मोठ्या साखळ्यांच्या नमुन्यावरून आणि बुकिंगच्या आसन-नकाशांवरून गुणाकार करून काढलेले असतात. नकाशात राखीव ठेवलेली खुर्चीही विकलेलीच दिसते, आणि रोखीवर चालणारी एकपडदा थिएटरं दिसतच नाहीत. घाऊक बुकिंग ओळखायची एक घरगुती खूण आहे: आपला प्रेक्षक मागच्या रांगांपासून तिकिटं घेत पुढे येतो. मागे खुर्च्या रिकाम्या आणि पुढच्या तीन रांगा सलग भरलेल्या दिसल्या, तर ती तिकिटं एकाच हाताने काढली असण्याचा संभव जास्त.

दर थिएटरमागची सरासरी हे माप अप्रामाणिकपणाशिवायही चकवतं, आणि ते मराठी चित्रपट परदेशी गेला की छान दिसतं. अमेरिकेतल्या एखाद्या शहरात एकच थिएटर, शनिवारी एक आणि रविवारी एक शो, २०० खुर्च्या, १८ डॉलरचं तिकीट. महाराष्ट्र मंडळाने मेल पाठवलेले असतात, दोन्ही शो भरतात, थिएटरमागे ७,२०० डॉलर. त्याच आठवड्यात साडेतीन हजार थिएटरांत चालू असलेल्या आणि चौथ्या आठवड्यात पोचलेल्या हॉलिवूडपटाची सरासरी याहून कमी असू शकते, आणि मग ‘हॉलिवूडला मागे टाकलं’ अशी बातमी होते. चेन्नईच्या सूत्राने दुसऱ्या आठवड्यात ३,६०० यायला हवेत. पण दुसऱ्या शनिवारी तो शो बहुधा लागलेलाच नसतो. त्या शहरातली मराठी घरं पहिल्या दोन दिवसांत येऊन गेलेली असतात.