लांब पाय दिसले म्हणजे कोळीच असं नाही

पाऊस सुरू झाला की आंबोली, माथेरानहून फोटो यायला लागतात आणि खाली ठरलेला मजकूर: 'जगातला सर्वांत विषारी कोळी, फक्त दात छोटे म्हणून आपण वाचतो.' फोटोत असतो हार्वेस्टमन, कोळ्यासारखाच आठ लांब पायांचा, पण वेगळ्या गटातला जीव. तो कोळी नाहीच, आणि त्याला विषग्रंथीही नसतात. घरातल्या लांब पायांच्या कोळ्याबद्दलही ही थाप खोटीच आहे.

तो घरातला कोळी तुमच्या ओळखीचा आहे: मोरीच्या कोपऱ्यात जळमटासारखं जाळं, त्यात उलटा टांगलेला, डिवचलं की गदागदा हलणारा. हार्वेस्टमनला धागा काढताच येत नाही, त्यामुळे जाळ्याचा प्रश्नच नाही. पण फोटोत जाळं दिसलं नाही म्हणून तो हार्वेस्टमन ठरत नाही. नर कोळी जाळं सोडून भटकतातही.

म्हणून कंबर बघा. कोळ्याचं डोकं-छाती एकीकडे, पोट दुसरीकडे आणि मध्ये बारीक देठ. हार्वेस्टमनचं पोट पूर्ण रुंदीने पुढच्या भागाला चिकटलेलं, त्यामुळे मिऱ्याच्या दाण्यासारखं अखंड शरीर. अडचण अशी की सगळे वरून फोटो काढतात, आणि वरून पायांच्या गर्दीत हा देठ हरवतो. कॅमेरा शरीराच्या पातळीवर आणा आणि बाजूने काढा. मग आणखी एक गोष्ट आपोआप दिसते: हार्वेस्टमनच्या पाठीवर, पुढच्या बाजूला, एक उंचवटा आणि त्यावर दोनच डोळे, एक डावीकडे बघणारा, एक उजवीकडे. कोळ्याचे सहा किंवा आठ डोळे पुढे गटागटाने असतात. फोकस त्या उंचवट्यावरच हवा. पाय थोडे धूसर झाले तरी चालतील.

फ्रेममध्ये पाय कापलेले मात्र चालणार नाहीत. हार्वेस्टमनच्या पायांची दुसरी जोडी सर्वांत लांब असते, तिनेच तो पुढची वाट चाचपतो आणि फ्रेमबाहेर नेमकी तीच जाते. एक फोटो लांबून, एक जवळून, एवढं करायला काय हरकत आहे? आणि चांगली 'पोझ' मिळावी म्हणून पाय धरून उचलणाऱ्यांना हात जोडून सांगतो, नका. पाय तुटून हातात येतो, वळवळत राहतो, आणि पुन्हा उगवत नाही.

पायांवर कधी लाल मणी दिसतात. त्या परजीवी माइटच्या (गोचिडीसारख्या बारीक जीवांच्या) अळ्या आहेत, एडिटिंगमध्ये पुसू नका. प्रजातीचं नाव ठोकून देण्याची घाईही नको. अनेकदा नराचे जननअवयव सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय ते ठरत नाही. 'ओपिलिओनीस' (हार्वेस्टमनच्या गटाचं शास्त्रीय नाव) एवढं लिहिलंत तरी बरोबरच आहे.