महाग्रामसभा

गडचिरोली जिल्ह्यातील ग्रामसभांनी वनहक्क सांभाळण्यासाठी आणि वनोपजाचा व्यवहार मिळून करण्यासाठी उभारलेला संघ. वरून आदेश सोडणाऱ्या एकाच सत्तेऐवजी अनेक स्वायत्त घटकांनी आपापसांत ठरवून कारभार चालवायचा, या शासनपद्धतीचे महाराष्ट्रातील हे ठळक उदाहरण आहे.

पेसा कायद्याने (१९९६), म्हणजे आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पंचायत कायद्याने, तेथील ग्रामसभांना गौण वनोपजाची, म्हणजे लाकडाव्यतिरिक्तच्या वनोपजाची, मालकी दिली. वनहक्क कायद्याने (२००६) बांबू आणि तेंदू (विडीचे पान) स्पष्टपणे गौण वनोपजात धरले व जंगलाचे व्यवस्थापन करण्याचा हक्कही मान्य केला. तरी वनखात्याचा ताबा सहज सुटला नाही. गडचिरोलीतल्याच मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला एप्रिल २०११ उजाडला. बांबू आपला आणि परवाना वनखात्याचा, अशी ती दोन वर्षे होती.

हक्क मिळाल्यावर खरी अडचण बाजारात आली. तेंदूचा हंगाम उन्हाळ्यातल्या थोड्या दिवसांचा. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. फळीवर (पाने गोळा करण्याच्या जागी) पुडे मोजून, वाळवून बोदात (मोठ्या पोत्यात) भरेपर्यंत ठेकेदार ठरलेला नसेल, तर गावाचा सौदा तोट्यात जातो. एकट्या लहान गावाला ठेकेदार भाव पाडून मागतो. अनेक गावांनी एकत्र निविदा काढून करारनाम्याच्या अटी आधीच पक्क्या केल्या, की त्याला ते जमत नाही. कोरची तालुक्यात सुमारे ९० ग्रामसभा अशा महाग्रामसभेत आल्या. प्रत्येक ग्रामसभा स्त्री व पुरुष प्रतिनिधी पाठवते आणि वर्गणी भरते. गावाच्या जंगलाचा निर्णय मात्र गावातच होतो, आणि या रचनेचे बळ तिथेच आहे: महाग्रामसभा ग्रामसभेची वरिष्ठ नाही.

पारंपरिक इलाका सभा (परिसरातील गावांची एकत्र सभा), महिलांचे संघ, स्वयंसेवी संस्था, आदिवासी विकास विभाग आणि वनखाते हेही या व्यवहारात असतात. सर्वांचे वजन सारखे नाही. पानांच्या भावावर ग्रामसभांचे चालते. त्याच जंगलाखालच्या लोहखनिजाचा खाणपट्टा मात्र शासन देते. कोरची तालुक्यातील झेंडेपारच्या प्रस्तावित लोहखाणींना तिथल्या ग्रामसभांनी विरोध केला, तो या विषमतेतूनच.