पानावर धूळ बसते, धुराचे काय?

केंद्र सरकारने २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा हवेची मानके न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत कोल्हापूरही होते. तेव्हापासून चौक सुशोभित करण्याचा विषय निघाला की ‘उभी बाग (भिंतीवर रचून लावलेली रोपे) लावा, हवा स्वच्छ होईल’ असे कोणीतरी सुचवतेच, आणि जाहिराती तर अशा भिंतीला थेट ‘ऑक्सिजन भिंत’ म्हणतात. ऑक्सिजनचा मुद्दा आधी निकालात काढू. हवेत तो सुमारे २१ टक्के असतोच. काही चौरस मीटर पानांनी त्यात मोजण्याजोगी भर पडत नाही. तुळस किंवा पिंपळ रात्रीही ऑक्सिजन सोडतो हा समज तर शाळेतल्या प्रकाशसंश्लेषणाच्या धड्याशीच विसंगत आहे, कारण पाण्यातून ऑक्सिजन मोकळा व्हायला प्रकाश लागतो. उभ्या बागेचे खरे काम धूळ पकडण्याचे, आणि तेही ती वेगळ्याच रीतीने करते.

पान म्हणजे चाळणी नव्हे. वारा पानावरून वाहताना त्याच्या पृष्ठभागाला लागून हवेचा एक मिलिमीटरभर जाडीचा, जवळजवळ थबकलेला थर राहतो आणि कणाला पानापर्यंत पोहोचायचे तर तो थर ओलांडावा लागतो. रस्त्यावरच्या धुळीचा दहा मायक्रोमीटरचा (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण तुलनेने जड असतो. हवेचा प्रवाह पानाला वळसा घालतो तेव्हा जडत्वामुळे त्याला वळता येत नाही, आणि तो सरळ जाऊन पानावर आदळतो. याच्या अगदी उलट, मायक्रोमीटरच्या काही शतांशांइतक्या कणाला हवेचे रेणू सतत धक्के देत असतात, त्यामुळे तो भरकटत भरकटत पानाला चिकटतो. या दोघांच्या मधला, साधारण ०.१ ते १ मायक्रोमीटरचा कण मात्र आदळण्याइतका जड नसतो आणि भरकटण्याइतका हलकाही नसतो. तो प्रवाहाबरोबर अलगद निघून जातो. दुर्दैवाने डिझेलच्या धुराचा आणि जळणाच्या काजळीचा मोठा भाग याच टप्प्यात येतो, आणि फुप्फुसात खोलवर जाणारे कणही हेच.

पानाची लव येथे उपयोगी पडते, कारण ती त्या थबकलेल्या थरातून बाहेर डोकावते. आमच्या घराच्या रस्त्याकडील कठड्यावर तुळस आणि मनीप्लांट शेजारी शेजारी आहेत. मार्चमध्ये दोन्हींची पाने ओल्या कापसाने पुसली, तेव्हा मनीप्लांटचे पान एका फटक्यात चकचकीत झाले आणि बोळा करडा पडला; तुळशीचे पान पुसूनही भिंगातून पाहता लवेच्या बुंध्याशी काळे कण अडकलेले दिसले. घरगुती निरीक्षण असले, तरी लवदार आणि खडबडीत पाने जास्त धूळ धरतात हे संशोधकांनाही आढळले आहे.

आता थोडा हिशेब करू. एक चौरस मीटर उभी बाग सेकंदाला दोन लिटर हवेतील कण काढते असे गृहीत धरले, तर वीस चौरस मीटरची बाग चाळीस लिटर हवा साफ करील. दहा मीटर रुंद रस्त्यावर दहा मीटर उंचीपर्यंत सेकंदाला एक मीटर वेगाने वारा वाहत असेल, तर तेवढ्याच वेळात तेथून एक लाख लिटर हवा निघून जाते. कोल्हापूरच्या ताराराणी चौकासारख्या मोकळ्या जागी म्हणूनच फार आशा धरू नये. महाद्वार रोडवरच्या दाटीच्या भागात चित्र काहीसे निराळे असू शकते: दोन्ही बाजूंना इमारती असलेल्या अरुंद रस्त्यात हवा बराच वेळ कोंडून राहते आणि तीच तीच भिंतीला पुन्हा पुन्हा घासते. अशा रस्त्यात वर दाट छत्री धरणारी झाडे लावली तर हवेची ये-जा आणखी मंदावते. भिंतीवरच्या वेली तसा अडथळा करत नाहीत.

पकडलेली धूळ नाहीशी होत नाही, पानावर साचते, आणि पान माखले की नवे कण धरण्याची त्याची ताकद घटते. जून ते सप्टेंबर कोल्हापूरचा पाऊस पाने धुऊन काढतो. उरलेल्या आठ महिन्यांत ठिबकच्या नळ्या मुळांना पाणी देतात, पाने धूत नाहीत. त्यासाठी अधूनमधून वरून फवारा मारावा लागतो, आणि खाली उतरलेले ते काळे पाणी वाळून पुन्हा धूळ होण्याआधी गटारात जाईल अशी पन्हळ भिंतीच्या पायथ्याशी हवी.