वनस्पतितेलयुक्त मलमांची दाहशामक चाचणी

वनस्पतीचे तेल घालून केलेल्या मलमाने किंवा क्रीमने त्वचेचा दाह खरोखर उतरतो का, आणि उतरला तर तो तेलामुळेच का, हे तपासण्याच्या प्रयोगपद्धती. यांतला दुसरा प्रश्न जास्त अवघड. लाली, उष्णता, सूज आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नोंदवली. प्रयोगशाळेत त्यांपैकी मुख्यतः सूज आणि लाली पाहतात, कारण ती मोजायला सोपी.

सर्वांत रुळलेली पद्धत विंटर, रिस्ली आणि नस यांनी १९६२ मध्ये मांडली. लाल समुद्रशैवालापासून मिळणाऱ्या कॅराजीननचे १ टक्का द्रावण पांढऱ्या उंदराच्या मागच्या पंजाच्या तळव्यात टोचतात. मात्रा साधारण ०.१ मिलि. पंजा बघता बघता टरारतो. घोट्यापाशी शाईची खूण करून तिथपर्यंत पंजा द्रवाच्या नळीत बुडवायचा. जेवढा द्रव सरकला तेवढे पंजाचे आकारमान. दर तासाला हीच मोजणी. पहिल्या तासाभरातील सुजेमागे हिस्टामीन व सेरोटोनिन ही शरीरातलीच दाहकारक रसायने असतात, तिसऱ्या तासाच्या सुमारास प्रोस्टाग्लँडिन या तशाच दुसऱ्या रसायनांचा जोर असतो. त्यामुळे मलमाचा गुण किती आला याबरोबर तो केव्हा आला हेही पाहावे लागते. एक अडचण अगदी घरगुती आहे. उंदीर पंजा चाटतो. तेल पोटात गेले, तर चाचणी मलमाची न राहता तोंडावाटे दिलेल्या औषधाची होते.

दुसऱ्या पद्धतीत लहान उंदराच्या एका कानाला क्रोटन तेल लावतात. क्रोटन तेल म्हणजे आपल्याकडे जुलाबासाठी कुप्रसिद्ध असलेल्या जमालगोट्याचे तेल. म्हणजे एका वनस्पतितेलाने आणलेला दाह दुसऱ्या वनस्पतितेलाने उतरवून पाहायचा. काही तासांनी दोन्ही कानांच्या सारख्याच आकाराच्या गोल चकत्या कापून वजन करतात. वजनातला फरक म्हणजे सूज. त्वचेवर लावायच्या औषधासाठी ही पद्धत पंजापेक्षा जवळची, कारण इथे दाहही त्वचेचा असतो आणि औषधही त्वचेवरच लागते.

प्रयोगाचा कणा असतो तुलनेचे गट: एका गटाला तेलाचे मलम, एकाला डायक्लोफिनॅक जेल किंवा हायड्रोकॉर्टिसोनसारखे प्रमाणित औषध, एकाला काहीच नाही, आणि एकाला तेल वगळून केलेले तेच मलम. हा शेवटचा गट गाळला की निष्कर्ष लंगडा पडतो. मलमाचा नुसता आधारही (म्हणजे तेल वगळून उरलेले मलम) त्वचेतला ओलावा धरून ठेवतो, चोळताना थंडावा देतो, लाली थोडी कमी करतो. समजा, नुसत्या आधाराच्या गटात सूज ०.८० मिलि आणि तेलाच्या गटात ०.४८ मिलि आली, तर तेलाच्या खात्यावर ४० टक्के घट जमा होते. काहीच न लावलेल्या गटाशी तुलना केली असती तर हाच आकडा फुगून दिसला असता. अंड्यातील अल्ब्युमिन हे प्रथिन तापवून ते किती गढुळते हे पाहणारी स्वस्त चाचणी विद्यार्थी प्रकल्पांत फार दिसते; तेवढ्यावर एखाद्या क्रीमला दाहशामक म्हणणे धाडसाचे आहे.

कोकण किनाऱ्यावरील उंडी या झाडाचे उदाहरण घेण्याजोगे आहे. तिच्या गोल बियांतला गर वाळवून काढलेले हिरवट, उग्र वासाचे तेल सांध्यांना चोळतात. ताहितीत त्यालाच तमानू म्हणतात. त्यातील कॅलोफिलोलाइड या घटकाचा दाहशामक गुण भारतीय संशोधकांनी १९८० मध्ये प्राण्यांवर दाखवला. पण सुटा घटक गुणकारी ठरला म्हणून मलमही ठरतेच असे नाही. त्यात तो किती आहे आणि त्वचेत किती उतरतो, हे वेगळे पाहावे लागते. शिवाय रंग आणि वास असे, की माणसांवरील चाचणीत कोणाला कोणते मलम मिळाले हे लपवणेच कठीण जाते.

माणसांवरचे निकाल तेलागणिक बदलतात. फिलिपाइन्समध्ये ॲटॉपिक एक्झिमा (त्वचा कोरडी पडून खाज सुटणारा विकार) असलेल्या ११७ मुलांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शुद्ध खोबरेल तेल खनिज तेलापेक्षा सरस ठरले. ऑलिव्ह तेलाने मात्र प्रौढांच्या त्वचेचे संरक्षक आवरण कमजोर झाल्याचे २०१३ च्या एका अभ्यासात आढळले. त्याच अभ्यासात सूर्यफूल तेलाने तसे केले नाही. ऑलिव्ह तेलात ओलेइक हे मेदाम्ल भरपूर, सूर्यफूल तेलात सहसा लिनोलेइक हे मेदाम्ल जास्त.

भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी २०१४ पासून बंद आहे. दाह बरा करण्याचा दावा केला की तेच क्रीम औषधाच्या कक्षेत जाते, आणि मग प्राण्यांवरील प्रयोगासाठी संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी लागते. चाचणीला घेण्याआधी नमुना दोन गोष्टींसाठी तपासावा लागतो. तेल खवट झालेले नसावे, कारण खवट तेल स्वतःच त्वचेला झोंबू शकते. आणि ‘हर्बल’ क्रीमने दोन दिवसांत जादू केली, तर त्यात स्टेरॉइड मिसळलेले नाही ना, हे क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे मिश्रणातील घटक वेगळे करून ओळखण्याच्या पद्धतीने, पाहावे.