डेबियनची ‘टेस्टिंग’ शाखा नेमकी कोणासाठी?

डेबियन ही स्वयंसेवकांनी चालवलेली लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम. तिच्या मुख्य शाखा तीन: ‘अनस्टेबल’मध्ये नवं सॉफ्टवेअर आधी येतं, ‘टेस्टिंग’मध्ये पुढची आवृत्ती घडते, आणि ‘स्टेबल’ म्हणजे प्रसिद्ध झालेली आवृत्ती. ऑगस्ट 2025 मध्ये तिची 13 क्रमांकाची आवृत्ती ‘ट्रिक्सी’ स्टेबल झाली. ज्यांच्या सोर्सेस फाइलमध्ये (सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) ‘ट्रिक्सी’ असं लिहिलेलं होतं, त्यांची मशीन्स तिथेच स्थिरावली. ज्यांनी तिथे ‘टेस्टिंग’ लिहिलं होतं, ते पुढचं अपडेट घेताच आपोआप ‘फोर्की’ या पुढच्या आवृत्तीवर गेले आणि फ्रीजच्या काळात, म्हणजे रिलीजआधी बदल गोठवलेले असताना, अडवून ठेवलेल्या नव्या सॉफ्टवेअर-पॅकेजेसचा लोंढा त्यांच्याकडे सुरू झाला. साधारण दर दोन वर्षांनी हे घडतं, आणि दर वेळी काही लोक गाफील सापडतात. ‘अनस्टेबल धोक्याची, स्टेबल जुनाट, मग टेस्टिंग घ्या’ हा सल्ला त्यांना कोणीतरी दिलेला असतो.

सुरुवातीला टेस्टिंग नव्हतीच. रिलीज जवळ आलं की अनस्टेबलची प्रत काढून ती ‘फ्रोझन’ म्हणून गोठवायची आणि मग बग निस्तरत बसायचं. 2.2 ‘पोटॅटो’ जानेवारी 2000 मध्ये गोठवली, ती ऑगस्टमध्ये बाहेर पडली. तोवर तिच्यातलं बरंच सॉफ्टवेअर मागे पडलेलं होतं.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात टेस्टिंग सुरू झाली. कल्पना साधी होती: रिलीजची तयारी शेवटच्या काही महिन्यांवर न ढकलता बाराही महिने चालू ठेवायची. नवं पॅकेज आधी अनस्टेबलमध्ये येतं. तिथे ते निकडीनुसार 10, 5 किंवा 2 दिवस थांबतं. टेस्टिंगमधल्या प्रतीपेक्षा त्यात जास्त गंभीर बग नसावेत, सगळ्या आर्किटेक्चरवर (प्रोसेसरच्या प्रकारांवर) ते बांधलं गेलेलं असावं, आणि ते आत आल्याने दुसऱ्या पॅकेजचं अवलंबन तुटू नये, या मुख्य अटी. तपासणी करतो ‘ब्रिटनी’ नावाचा प्रोग्रॅम.

या अटी रिलीज करणाऱ्यांच्या सोयीच्या आहेत. रोज टेस्टिंग वापरणाऱ्याचा विचार त्यात नव्हता, आणि वादाचं मूळ इथेच आहे. स्टेबलला सुरक्षा दुरुस्ती थेट मिळते. टेस्टिंगला ती बहुतेक वेळा अनस्टेबलमार्गे मिळते, म्हणजे किमान दोन दिवस उशिरा. त्यात एखाद्या लायब्ररीचं (अनेक पॅकेजेस वापरतात त्या सामायिक कोडचं) मोठं स्थित्यंतर चालू असेल, तर दुरुस्त केलेलं पॅकेज त्या गुंत्यात आठवडेच्या आठवडे अडकतं. मधली शाखा सुरक्षेच्या बाबतीत मधली नाही. कधीकधी ती तिघींमध्ये सर्वांत मागे असते. प्रकल्पाच्या सुरक्षा-माहितीत हा उशीर स्पष्ट नोंदवलेला आहे आणि सर्व्हरसाठी स्टेबलच वापरा असंही सांगितलेलं आहे. पण नाव वाचून शाखा निवडणारा तिथपर्यंत पोहोचत नाही.

रिलीज लवकर होतील ही आशाही लगेच फळली नाही. ‘वूडी’ जुलै 2002 मध्ये आली आणि तिच्यानंतरची ‘सार्ज’ थेट जून 2005 मध्ये. नवा इन्स्टॉलर रखडला होता, आणि टेस्टिंगसाठी सुरक्षा दुरुस्त्या बांधून पोहोचवण्याची यंत्रणाही वेळेत उभी राहिली नव्हती.

2010 मध्ये ‘सतत वापरण्याजोगी टेस्टिंग’ असा प्रस्ताव पुढे आला. ठरावीक काळाने टेस्टिंगची तपासलेली प्रत द्यावी, किंवा ‘रोलिंग’ नावाने तिला उघडपणे वापरकर्त्यांची शाखा करावं, अशा त्यातल्या सूचना. विरोधकांचं म्हणणं होतं की आधीच कमी असलेले स्वयंसेवक तिकडे वळतील आणि फ्रीजच्या काळात स्टेबलसाठी राबायला कोणी उरणार नाही. ही भीती खोटी नव्हती. तरीही हजारो लोक जी शाखा वापरतच होते, तिच्याबद्दल स्वच्छ वचन द्यायचं टाळलं गेलं, हे मला आजही अयोग्य वाटतं.

मार्च 2024 मधलं एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या साधनाचं प्रकरण या सगळ्यावर नवा प्रकाश टाकतं. घातपाती कोड 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत होता, आणि त्यांपैकी 5.6.0 थांबण्याचे दिवस पुरे करून टेस्टिंगमध्ये शिरली होती. ब्रिटनीच्या एकाही अटीत ती अडकली नाही, कारण तसा बग कोणी नोंदवलेलाच नव्हता. स्टेबलमध्ये एक्सझेडची जुनी आवृत्ती असल्याने ती शाखा वाचली. एसएसएच (दूरच्या संगणकावर सुरक्षित प्रवेशाची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा पिच्छा अनस्टेबलवर काम करणाऱ्या एका अभियंत्याने पुरवला, म्हणून कट उघड झाला. त्यानंतर ‘5.6.1+रिअली5.4.5’ अशा विचित्र क्रमांकाने जुनाच कोड परत आणावा लागला, कारण पॅकेज व्यवस्था आपणहून खालच्या क्रमांकावर उतरत नाही.